वेगळा राहतो, एवढंच लिहून दे

शेळगी, सोलापूर
१ सप्टेंबर

महेश,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. चुकून राहिलं असं समजू नकोस.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सामसूम. म्हणून पत्र. पत्र निदान फाडावं तरी लागतं, तेवढे कष्ट घे. तुझा पत्ता आपल्या धाकट्या सिद्धीनं संस्थेच्या वार्षिक अहवालातून काढला, समितीच्या सगळ्या सभासदांचे पत्ते त्यात छापलेत. पोटच्या मुलाचा पत्ता आपल्या आईला, अव्वाला, छापील अहवालातून कळतो, ही आपल्या घरची प्रगती.

सिद्धीचा अर्ज नामंजूर झाला. तुला हे माझ्या आधी कळलं आहे, तरी लिहिते, कारण तू ते घरच्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाहीस.

सिद्धेश्वरी रुद्रप्पा बिराजदार, सरकारी मेडिकल कॉलेज, नांदेड. सोलापूर थोडक्यात हुकलं. आपल्या घराण्यात डॉक्टरच्या दारात ताटकळून आलेले पुष्कळ झाले, आतल्या खुर्चीत बसायला निघालेली ही पहिलीच. मुलींची फी माफ आहे म्हणून बोळातले लोक पेढे मागून गेले. पण राहणं, खाणं, पुस्तकं, तो हाडांचा सेट, हे साडेपाच वर्षं कोण माफ करणार? बँकेत गेलो तर जामीनदार म्हणून कमावत्या भावाची सही मागतात. म्हणजे पुन्हा तूच. यासाठीच तर तुझी संस्था आहे ना? 'गरीब घरांतील गुणवंतांसाठी.' गुणवंत ती आहे, ते कागदावर आहे. गरीब आहोत की नाही ते बघायला दोन माणसं घरी आली आणि नाही म्हणून लिहून गेली.

ते का, तेही सांगते. संस्थेचं पत्र आलं होतं की गृहभेटीला 'निवड समितीचे सदस्य' येतील. सिद्धी म्हणाली, समितीत पाच जण आहेत आणि त्यातला एक दादा. झालं. अव्वानं ठरवूनच टाकलं, "मग म्हेशच येणार की. आपल्या घरी दुसऱ्याला कशाला लावून देतील?" आणि तू येणार म्हणजे सुनेला घेऊनच येणार. दोन वर्षांपूर्वी तू रजिस्टर लग्न केलंस आणि आम्हाला फोटो पाठवलास, तेवढीच तिची आमची ओळख. सून पहिल्यांदा घरी येणार म्हणून अव्वानं शेजारच्या रंभाबाईंचा फ्रिज आपल्या घरात आणवला. दोन गादीच्या खुर्च्या आणि चिनी मातीचे कपसुद्धा.

तू आला नाहीस. एक चष्म्याच्या बाई आणि एक गृहस्थ आले. बाईंनी फ्रिजकडे बघितलं आणि हातातल्या कागदावर खूण केली. त्या फ्रिजची वायर गुंडाळून मागे खोचलेली होती, कारण घरात प्लग एकच आणि त्याला पंखा लावलेला. आत रंभाबाईंचं इडलीचं पीठ होतं. जरा वाकून बघितलं असतं तर कळलं असतं.

नामंजुरीच्या पत्रात लिहिलंय, 'कुटुंबाची परिस्थिती समाधानकारक. ज्येष्ठ बंधू उत्तम नोकरीत असून कुटुंबास आधार देतात.' आधार देतात! हे वाचून सिद्धी हसली. हसली आणि नंतर आत जाऊन बसली.

मी अर्धी रजा टाकून संस्थेच्या जुळे सोलापूरच्या ऑफिसात गेले. तिथल्या चन्नप्पा कारकुनानं सगळं सांगितलं. बैठक तिथंच झाली. सिद्धीचं नाव निघाल्यावर तू म्हणालास, ही माझी बहीण आहे, मी या चर्चेत नसावं, आणि उठून बाहेर बसलास. चन्नप्पा कौतुकानं सांगत होता, "केवढा प्रामाणिक माणूस हाय, ताई. आजकाल कोण उठतंय?" मी त्याचा चहा तसाच ठेवून बाहेर आले.

उठण्याआधी एकच वाक्य बोलायचं होतंस, महेश. 'मी घरी काही देत नाही.' मग खुशाल बाहेर बसायचं होतं.

आणि तू सोलापुरात होतास. जुळे सोलापूर ते शेळगी रिक्षानं किती वेळ लागतो तुला माहीत आहे. तू आला होतास हे मी अव्वाला सांगितलेलं नाही. तिला सांगायची माझ्यात हिंमत नाही, आणि ती नसण्याचा रागही मला तुझ्यावरच येतो.

अक्का


९ सप्टेंबर

महेश,

तुझा मेसेज आला. मला नाही, सिद्धीला. 'फेरविचार अर्ज कर, २० तारखेच्या आत. नाही झालं तर मी वैयक्तिक बघतो. अक्काला सांग पत्र पाठवू नको, घरी प्रॉब्लेम होतो.'

घरी प्रॉब्लेम होतो म्हणे. कुठल्या घरी रे?

तुझं 'वैयक्तिक बघतो' आम्ही मागच्या वर्षी बघितलं. सिद्धीच्या क्लासचं मी बघतो म्हणालास, दोन महिने बघितलंस आणि मग फोनच लागेना. क्लासच्या काउंटरवर पोरीला तीनदा उभं केलं. चौथ्यांदा ती गेलीच नाही. उरलेला अभ्यास तिनं माझ्या युनिफॉर्मच्या कारखान्यात केला, स्टोअरमध्ये, खाकी कापडाच्या ताग्यांवर बसून. मी बाहेर ओव्हरलॉक मशीनवर आणि ती आत फिजिक्समध्ये. मालकानं दिवा चालू ठेवू दिला, त्याचे उपकार आहेत. तुझे नाहीत.

म्हणून तुझं बघणं नको. कागद हवा.

मी पुन्हा चन्नप्पाकडे जाऊन आले. नियम सरळ आहे. नोकरी करणारा भाऊ घरापासून वेगळा राहत असेल आणि मदत करत नसेल, तर त्यानं तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं. त्याखाली आईनं सही करायची. दोन्ही सह्या असतील तर भावाचा पगार घरचा म्हणून धरत नाहीत आणि अर्ज पुन्हा उघडतो. फ्रिजचं काय ते आम्ही तोंडी सांगू.

तर लिहून दे. मी तुझ्याकडे मदत मागत नाही, दया मागत नाही, तुझ्या बायकोच्या घासातला घास मागत नाही. खरं काय ते लिहून दे म्हणते. वेगळा राहतो, काही देत नाही. दोन ओळी. त्यातलं एक अक्षर खोटं नाही.

तुला ते का जमत नाही ते मला माहीत आहे. संस्थेच्या वर्धापनदिनाचा व्हिडिओ सिद्धीनं दाखवला. तू कोट घालून उभा. 'माझे वडील मी बारावीत असताना गेले. माझ्या आईनं कडक भाकरी थापून आम्हाला वाढवलं. या संस्थेनं हात दिला म्हणून मी इथं आहे. आज माझी आई राणीसारखी बसून खाते.' पहिल्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती.

राणी पहाटे चारला उठते, महेश. पूर्वी एका दुकानाची ऑर्डर होती, आता तीन दुकानांची आहे, कारण पुण्यामुंबईच्या लोकांना डाएटला ज्वारी लागायला लागली. तव्याच्या धगीनं तिचा उजवा डोळा सारखा पाणावतो. त्या डोळ्याचं काय ते बघायला हवं, पण राणीला वेळ नाही.

गंमत अशी की त्या भाषणातलं पहिलं सगळं खरं आहे. तुला संस्था मिळाली तेव्हा आपल्या घरात खोटं काहीच नव्हतं. अप्पांना जाऊन महिना झाला नव्हता, मी दहावीनंतर शाळा सोडून बटणं लावत होते, आणि बघायला आलेल्या साहेबांना अव्वानं पितळी तांब्यात पाणी दिलं होतं. तेव्हा त्यांनी खाली चटईवर बसून तुझी गणिताची वही बघितली. खरं ते एका नजरेत दिसलं त्यांना. तू मात्र पुढे जाऊन एका वाक्याची भर घातलीस. आणि समितीतले लोक तुला मानतात, म्हणून त्यांना ते खरंच वाटलं. त्यांनी आपल्या घरात फ्रिज बघितला आणि मनात म्हणाले असतील, महेशसर बोलले ते बरोबर आहे.

तुझी टाळी गेली तर जाऊ दे. ती पोरगी आधी नांदेडला जाऊ दे.

अक्का


१४ सप्टेंबर

महेश,

आज रविवार, कारखाना बंद आहे म्हणून जरा लांब लिहिते. कागद आलेला नाही. सहा दिवस राहिले.

अव्वाला आता सगळं कळलं आहे. म्हणजे प्रतिज्ञापत्राचं. तू जुळे सोलापुरात येऊन गेलास ते अजून नाही. तिला वाटलं होतं फेरविचार म्हणजे कुणीतरी पुन्हा येऊन बघून जाईल. मी नियम सांगितला तर ती पीठ मळता मळता थांबली. "असला कागद मी करणार न्हाय," म्हणाली. "पोटच्या पोराला वेगळा म्हणून लिवून घ्यायचं? शिक्क्याच्या कागदावर? उद्या त्याच्या नोकरीवर काय आलं म्हंजे?"

मी म्हटलं, "अगं, तो वेगळाच राहतो की. दोन वर्षं तोंड तरी दाखवलंय का त्यानं?"

"ऱ्हातोय ते येगळं. लिवणं येगळं."

"आणि सिद्धी?"

ती पुन्हा पीठ मळायला लागली. नंतर म्हणाली, त्यानं पाठवला तरी मी सही करणार न्हाय. म्हणजे आता दोन सह्या हव्यात आणि तुम्ही दोघंही देत नाही. तू स्वतःच्या नाकासाठी, आणि ती तुझ्या नाकासाठी.

तिच्यावर मी ओरडले. आईवर कधी ओरडले नव्हते एवढी ओरडले. म्हटलं, फ्रिजचा घोळ तूच घातलास, आता तूच निस्तर. तेव्हा सिद्धी बाहेर आली. शांतपणे म्हणाली, "अक्का, फ्रिज कुणी आणला?"

तर ते तुला लिहायला हवं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की अव्वानं आणवला. तिनं नाही आणला. मी आणला. कारखान्यातल्या तिघांना बोलावून मीच बोळातून उचलून आणला. अव्वा नको नको म्हणत होती. "हाय ते हाय. त्याचंच घर हाय, त्याला काय नवीन?" असं दहादा म्हणाली. मी ऐकलं नाही. तुझ्या बायकोचा एक फोटो मी फोनवर बघितला होता, स्वयंपाकघरात उभी, मागे दोन दारांचा फ्रिज. ती आपल्या घरात येऊन नाक मुरडेल, आणि तू तिच्यासमोर खाली बघशील, ते मला नको होतं. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून मी फ्रिज आणला, महेश. हे मला स्वतःला सुद्धा कबूल करायला पाच आठवडे लागले.

आणि पुढचं तर मी कुणालाच सांगितलं नव्हतं. चष्म्याच्या बाईंनी नुसती खूण नाही केली. त्या हसून म्हणाल्या, "महेशसरांनी घेतला ना हा?" चांगल्या मनानंच विचारलं. मला तिथंच म्हणता आलं असतं, नाही हो, शेजारचा आहे. तोंडाशी आलं होतं. पण उसना फ्रिज घरात का, याचं उत्तर काय देणार? मी नुसती कपाकडे बघत राहिले. अव्वानं माझ्या तोंडाकडे बघितलं, तिला कळलं, आणि ती म्हणाली, "व्हय. माझ्या लेकानं."

मला वाचवायला बोलली ती. आणि तुला मोठं करायला. एका शब्दात दोघांचं झालं आणि तिसरीचं गेलं. ती तिसरी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

सिद्धी म्हणाली, "दादा बाहेर जाऊन बसला, तू आत बसून गप्प बसलीस." एवढंच म्हणाली. मग तिनं सांगितलं की तिनं इथल्या कॉलेजात बीएस्सीचा फॉर्म आणला आहे, उशिराची फी भरून अजून घेतात. नांदेडची जागा सोडते म्हणाली. आणि उद्यापासून माझ्याबरोबर कारखान्यात येणार आहे, सध्या शाळांच्या दुसऱ्या खेपेची ऑर्डर आहे आणि बटणं लावायला हात कमी पडतात.

माझी शाळा सुटली तेव्हा मी तिच्याहून लहान होते. तेव्हा मला राग आला नव्हता. तू शिकत होतास ना, मग झालं, असं वाटायचं. तो सगळा राग इतकी वर्षं कुठे होता कोण जाणे, आता एकदम आला आहे. तिला मी बटणांवर बसलेली बघू शकत नाही. माझी चूक मी लिहून दिली. आता तुझी तू लिहून दे.

अक्का


१७ सप्टेंबर

महेश,

आज दुपारी फोन आला. तुझा नव्हे, अपेक्षाचा. तुझ्या बायकोचा आवाज मी दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

पत्राचा हा एक फायदा. घरात जो असेल तो उघडतो.

तिनं आधी रविवारचं वाचलं, मग तुझ्या बॅगेतून आधीची दोन काढून वाचली. तू तिला सांगितलं होतंस की आईला हे लग्न मान्य नाही, तिचं तोंडसुद्धा बघायचं नाही म्हणते, म्हणून आपण जात नाही. मशीन चालू होती, मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. तिला म्हटलं पुन्हा सांग. तिनं पुन्हा सांगितलं. पुढे म्हणाली, "अक्का, माझ्यासाठी तुम्ही फ्रिज आणलात, आणि मला दोन वर्षं वाटत होतं की तिथं मला पाणीसुद्धा मिळणार नाही."

मी तिच्यावर चिडायचं ठरवलं होतं. जमलं नाही. तिला म्हटलं, बाई, तू रडू नको, तुझ्या रडण्यानं इथं काही होणार नाही. नवऱ्याला वकिलाकडे घेऊन जा.

अव्वाला मान्य नव्हतं म्हणे! तू फोटो पाठवलास तेव्हा तिनं तो शेजारच्या चार घरांत नेऊन दाखवला. सून गोरी आहे म्हणाली, शिकलेली आहे म्हणाली, दृष्ट लागेल म्हणून मोबाईल पदराखाली झाकून आणला. त्या आईच्या नावावर तू स्वतःचं न येणं खपवलंस. गरिबीची लाज वाटते असं सरळ सांगितलं असतंस तर मी समजले असते. मला पण वाटली, म्हणून तर फ्रिज आला. पण लाज वाटते आणि दोष आईचा?

सिद्धी तीन दिवस कारखान्यात येते आहे. हात चांगला आहे तिचा, मालक खूश आहे. काल घरी आल्यावर अव्वानं तिच्या केसांत अडकलेला पांढरा दोरा काढला. दोरा बोटाला गुंडाळून बराच वेळ बसली. जेवली नाही.

येत्या शनिवारी वीस तारीख. ऑफिस दोनला बंद होतं.

अक्का


२१ सप्टेंबर

महेश,

तुझा कागद काल सकाळी साडेदहाला कुरिअरनं आला. साक्षीदार म्हणून अपेक्षाची सही आहे, ती बघितली. वकिलानं टाइप केलेल्या दोन ओळी, खाली तुझी लांबलचक इंग्रजी सही. बरोबर चिठ्ठी वगैरे काही नव्हतं. अव्वानं पाकीट उलटं करून झटकून बघितलं.

तिला काही सांगायच्या आधीच ती उठली. तवा उतरवला, हात धुतले, ठेवणीतलं इरकल नेसली. सिद्धीला म्हणाली, "सिद्धव्वा, चल. कुटं सही करायची ती दाव." मी बघतच राहिले. रिक्षात बसल्यावर विचारलं, "करणार न्हाय म्हणत होतीस की?" तर बाहेर बघत म्हणाली, "एक पोरगी बटणावर बसवली. दुसरी न्हाय बसवत."

पंधरा वर्षांत माझ्याबद्दल ती एवढं कधी बोलली नव्हती.

ऑफिसात गर्दी होती. मोहोळ, मंगळवेढ्याकडची मुलं, त्यांचे आईबाप बाकांवर बसलेले. त्या चष्म्याच्या बाई पण होत्या. चन्नप्पानं कागद हातात घेतला, वाचला, आणि त्याचं तोंड पडलं. तो तुला खरंच मानत होता रे. म्हणाला, "अव्वा, नियम हाय, वाचून दाखवावं लागतं." आणि सगळ्यांसमोर वाचलं. 'मी, महेश्वर रुद्रप्पा बिराजदार, माझी आई व बहिणींपासून वेगळा राहतो. मी त्यांना कोणतीही आर्थिक मदत करीत नाही.' बाकावरचे लोक आमच्याकडे बघायला लागले.

चन्नप्पा हळूच म्हणाला, "गेल्या महिन्यात तर सर हितंच आले होते की. घरी पण आले असतील..." मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं, पण उशीर झाला होता. अव्वानं ऐकलं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं.

मग बाई म्हणाल्या, "आजी, पण त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, फ्रिज मुलानं घेतला. मग यातलं खरं कुठलं धरायचं आम्ही?"

वाईट हेतूनं नाही विचारलं. त्यांना विचारावंच लागतं. मी पुढे झाले, म्हटलं, बाई, तो फ्रिज मी आणला, चूक माझी. अव्वानं माझा दंड धरून मला मागे केलं. म्हणाली, "फ्रिज रंभाबाईचा. त्या दिवशी मी खोटं बोलले. माझ्या पोरानं लिवलंय ते खरं हाय. त्याला खोटं न्हाय येत."

बाईंनी पेन पुढे केलं. अव्वानं कानडीत सही केली, एकेक अक्षर गिरवत. तुझ्या सहीला तिची अक्षरं लागू नयेत म्हणून बरीच खाली केली.

मला वाटलं, संपलं. पण चन्नप्पानं नवा फॉर्म काढला. फेरविचाराला फॉर्म नवा भरतात, जुना चालत नाही. नाव, पत्ता, शिक्षण, सगळं सिद्धीनं सांगितलं. मग एक रकाना आला. त्यानं अव्वाला विचारलं, "कुटुंबातल्या व्यक्ती किती?"

अव्वा म्हणाली, "चार."

"अव्वा, आता चार लिवता येत न्हाय."

"का? अप्पा गेले. मी हाय, दोन पोरी हायत आन म्हेश. चार."

"ह्या कागदानंतर सरांना धरता येत न्हाय. चार लिवलं तर अर्ज पुन्हा बाद होईल."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते. सिद्धी खाली मान घालून उभी होती. मी काय बोलणार होते? तूच सांग, मी तिथं काय बोलायला हवं होतं? अव्वा त्या रकान्याकडे बघत राहिली. तिला मराठी वाचता येत नाही, तरी ती बोट ठेवून तो रकाना बघत होती. मागे रांगेतला एक बाप पाय बदलून उभा राहिला. चन्नप्पानं पेन टेकवलं नव्हतं, तो थांबला होता, आणि तो कितीही वेळ थांबला असता.

मग ती म्हणाली, "तीन लिव."

आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली. सही करताना रडली नाही, बाईंसमोर रडली नाही. जिन्यात रडली. मी तिला हात लावला तर तिनं तो झटकला.

बाईंनी तिथंच शेरा मारला, अर्ज मंजूर झाला. सिद्धी उद्या सकाळच्या एसटीनं नांदेडला जाते आहे. ट्रंक भरून झाली आहे.

तुला अजून पुष्कळ ऐकवायचं होतं. लिहायला बसले तेव्हा चार पानं भरतील एवढं होतं. पण आता तुझ्यावर चिडायचं ते तुझी कोण म्हणून, हेच मला कळेनासं झालं आहे.

चंद्रिका